सोलापूरच्या आक्का सिस्टर – ज्यांच्याकडं आठवण असेल त्यांनी इथं लिहा

नमस्कार मंडळी. मावशीला जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला एवढी माणसं आली की मांडव पुरला नाही, आणि त्यातली निम्मी घरच्या कुणालाच ओळखू येईनात. एक आजोबा कुंभारीहून दोन बस बदलून आले, फोटोपुढं बसले, चहासुद्धा न घेता गेले. कोण, कुठले, विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे सगळं कुठंतरी एका जागी यायला पाहिजे म्हणून हा धागा.

थोडक्यात सांगते. मावशीचे वडील जुन्या मिलमध्ये साचेखात्यात, आई घरी विड्या वळायची. मॅट्रिक झाली आणि नर्सिंगला गेली, तेव्हा घरात आठ दिवस कुणी बोललं नाही म्हणे तिच्याशी. मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पस्तीस वर्षं, २०११ ला रिटायर, आणि त्यानंतरही दर रविवारी सकाळी बोळातल्या देवळाच्या कट्ट्यावर बीपीचं मशीन घेऊन बसायची. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, ड्युटीवर मराठी, बाजारात दखनी, चारी भाषांत तिला रागावता यायचं. सिव्हिलमध्ये ती सिस्टर, पूर्व भागात आक्का, आणि शास्त्री नगरात आपा. तुम्ही जे म्हणत होता तेच इथं म्हणा. पूर्ण नाव लिहू नका एवढीच विनंती, तिला ते आवडलं नसतं.

मोठं लिहा, छोटं लिहा, शुद्धलेखन बघू नका.

*

पूर्व भाग, लूमवाल्याचा मुलगा

मी लिहितो पहिल्यांदा. २००४ ची गोष्ट, मी दहावीला होतो. आई विड्या वळायची, रोजचा हजाराचा हिशोब, सूप मांडीवर आणि तंबाखूचा बारीक धुरळा दिवसभर नाकातोंडात, त्यामुळं खोकला आमच्या गल्लीत कुणाला आजार वाटतच नव्हता, सगळ्याच बायका खोकायच्या. आईचा खोकला महिना झाला तरी जाईना, वजन उतरलं, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. आक्का आमच्याकडं चुलतीला ड्रेसिंग करायला यायच्या. त्या दारातून आत आल्या, आईचा खोकला ऐकला आणि तिथंच थांबल्या. किती दिवस? आई म्हणाली चार-पाच. आक्का माझ्याकडं वळल्या, तू सांग. मी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बेडक्याची डबी घेऊन दारात.

टीबी निघाला. आईनं पहिली गोष्ट काय केली तर आक्कांचे पाय धरले की कुणाला सांगू नका, थोरलीचं लग्न ठरायचंय. आक्का म्हणाल्या सांगत नाही, पण गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या. तेव्हा डॉट्सच्या, म्हणजे टीबीच्या सरकारी उपचाराच्या गोळ्या दिवसाआड असायच्या, आता रोज देतात. पेशंटच्या नावाचा खोका असायचा, तो खोका आक्कांच्या घरी, कपाटात साड्यांच्या खाली. आई पदराआड डबा घेऊन जायची, लोकांना वाटायचं आमटी देवाणघेवाण चाललीय. लघवी लाल-केशरी झाली तेव्हा आई घाबरून रडली होती, आक्कांनी आधी सांगितलेलं ती विसरली होती, परत समजावलं की गोळीचा रंग आहे, रक्त नव्हे.

खरी लढाई दोन महिन्यांनी. खोकला गेला, भूक लागायला लागली आणि आईनं ठरवलं बास. एक दिवस गेली नाही. संध्याकाळी ड्युटी संपवून आक्का थेट आमच्या दारात, पांढऱ्या साडीवरच, हातात तो खोका. "मंदु वेसुकुन्नावा?" आई गप्प. मग म्हणाल्या, खोकला गेला म्हणजे जंतू झोपलेत, मेले नाहीत, अर्ध्यात सोडलंस तर उठतील तेव्हा या गोळ्यांना भीक घालणार नाहीत. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी त्यांनी खोक्यावरचं आईचं नाव ब्लेडनं खरवडून काढलं आणि रिकामा खोका आईच्या हातात दिला. थोरलीचं लग्न झालं, गल्लीत अजूनही कुणाला माहीत नाही. आज मी लिहितोय ते आईला विचारून. ती म्हणाली लिही, आता काय त्याचं.

*

बाळीवेस

माझा जन्म १९८६, त्यांच्याच हातचा. दर वाढदिवसाला आई मला त्यांच्याकडं पाया पडायला न्यायची आणि त्या दर वेळी माझी उंची बघून एकच म्हणायच्या, "दोन किलोची होतीस गं." मला लाज वाटायची. आता माझी स्वतःची मुलगी एकोणीसशे ग्रॅमची झाली तेव्हा त्यांनीच मला खाटेवर टेकून बसवलं आणि बाळ उघडं करून माझ्या छातीवर ठेवलं, वरून पदर. म्हणाल्या मशीनपेक्षा तू गरम आहेस.

*

माजी गणेश मंडळ कार्यकर्ता, आता पुण्यात

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी विसर्जन, लेझीम खेळून खेळून पोटऱ्या दुखत होत्या, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही रस्त्यावर आलो, थोडा वेळ गप्पा मारल्या, झोपलो परत. सकाळी कळलं किल्लारी, सास्तूर. दुपारच्या आत जीप, टेम्पो, ट्रक लागायला लागले सिव्हिलला. माणसं मातीनं एवढी माखलेली की बाई की बाप्या कळत नव्हतं.

आम्ही मंडळाची दहा-बारा पोरं रक्त द्यायला गेलो. सिस्टरांनी दारातच गाठलं. रक्त दिलं की पळून जायचं नाही, नाश्ता करा आणि परत माझ्याकडं या, कामं आहेत. मला दिलेलं काम असं, चिकटपट्टीचे तुकडे कापायचे आणि ज्याला बोलता येतंय त्याचं नाव आणि गाव बॉलपेननं लिहून मनगटावर चिकटवायचं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या पट्टीवर कुठल्या गाडीतून आला आणि किती वाजता. मी म्हणलं याचा काय उपयोग. त्या म्हणाल्या, "उद्या ह्यांचं कुणीतरी शोधत येईल की रे." आले पण. दोन दिवसांनी भाऊ, मेव्हणे, गावचे लोक वॉर्डा-वॉर्डात हिंडत होते आणि त्या पट्ट्या वाचत होते, कित्येकांना त्यावरच आपलं माणूस सापडलं.

एक मुलगा होता सात-आठ वर्षांचा. पाय मोडलेला, तोंडातून शब्द नाही. त्याच्या पट्टीवर माझ्या अक्षरात फक्त "टेम्पो, ११ वा." एवढंच. सिस्टर ड्युटी संपली तरी त्याच्या खाटेपाशी थांबायच्या, मराठीत बोलून बघितलं, कन्नडमध्ये बघितलं. पाचव्या दिवशी तो "पाणी" म्हणाला, आणि मग त्याच्या चुलत्याचं नाव. चुलता आला, घेऊन गेला. मी विसरलो होतो खरं तर. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी सिस्टर माझ्या घरी आल्या, म्हणाल्या सोबत चल, एकटीला एसटीनं लांब पडतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता तो, चुलत्याकडं. त्यांनी त्याला चालून दाखवायला सांगितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. मग बूट घेऊन दिले आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत.

*

शास्त्री नगर

पोलिओच्या वेळी आमच्याकडे बऱ्याच घरात डोस घेत नव्हते, अफवा होत्या तेव्हा. टीम यायची, दारावर खडूनं खूण करून जायची, घर पूर्ण झालं तर पी आणि राहिलं तर फुली. आमच्या दारावर फुली. बाकीचे फुली मारून पुढं जायचे, आपा दुसऱ्या दिवशी परत यायच्या. तिसऱ्या दिवशी परत. माझ्या सासूबाईंजवळ बसून सुपारी कातरायच्या, पोलिओचं नावसुद्धा काढायच्या नाहीत. एकदा सासूबाईंचे पाय सुजलेले बघितले, बीपी तपासलं, गोळी चालू करायला डॉक्टरकडं स्वतः घेऊन गेल्या. त्यानंतर सासूबाईच म्हणाल्या, "आपा, बच्चे कू पिलाव तुमारा दवा." डाव्या हाताच्या करंगळीवर मार्करची शाई लावली आणि दारावरची फुली हातानं पुसली. नंतर आमच्या गल्लीत डोस पाजायला माझी सासू पुढं असायची.

२०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी आपा रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. शीरखुर्मा ईदला करतात, आम्ही मार्चमध्ये केला आणि त्यांच्या घरी डबा पाठवला.

*

एक जण (नाव नको)

सगळे चांगलंच लिहितायत, माझं वेगळं आहे, तरी लिहितो कारण धाग्यात खरं लिहा म्हणलंय असं मी धरतो. १९९७ ला माझे वडील ॲडमिट होते. लिव्हर. आम्ही भाऊ अजून आशेवर होतो, मुंबईला न्यायचं चाललं होतं, घर गहाण टाकायची बोलणी झाली होती. सिस्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि सरळ सांगितलं, मुंबईला नेऊ नका, वाटेत जातील, बहिणींना बोलावून घ्या, त्यांना काय खावंसं वाटतंय ते द्या. मी एवढा भडकलो की डॉक्टरांकडं तक्रार केली. डॉक्टर खाली मान घालून बसले, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. वडील तिसऱ्या दिवशी गेले, बहिणी पोचल्या होत्या. शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, मागितली, दोन चमचे खाल्ली.

तेराव्याला सिस्टर आल्या होत्या. मी बोललो नाही. त्या आईजवळ बसल्या आणि गेल्या. घर वाचलं हे आता कळतं. पण अजूनही वाटतं की जरा हळू सांगता आलं असतं. तेवढं एक राहिलंच.

*

भाची (धागा सुरू करणारी)

वरच्या दादांना : बरं झालं लिहिलंत. मावशी हे आमच्याजवळ बोलली होती, नाव न घेता. एका पोराला व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, बसवून सांगायला पाहिजे होतं, असं. नंतर ती नेहमी आधी स्टूल ओढायची.

*

इन्चार्ज सिस्टर, बाहेरगावी

मी त्यांची विद्यार्थिनी. कुठलं कॉलेज, कुठला वॉर्ड ते लिहीत नाही. सेकंड इयरला होते, नाईट ड्युटी, चाळीस पेशंट, आणि टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट भरायचा होता. मी चार-पाच जणांचं टेम्परेचर खरं घेतलं आणि बाकीच्यांचं खुर्चीत बसून लिहून टाकलं. ९८.६, ९८.४, ९८.६. नाडी ७८, ८०, ७८. सगळ्या मुली कधी ना कधी करतात हे, पण मी करायला नको होतं.

सकाळी ओव्हर घेताना सिस्टरांनी चार्ट बघितला, काही बोलल्या नाहीत. थर्मामीटर घेतला, घड्याळ घेतलं आणि म्हणाल्या चल. पहिल्या खाटेपासून. प्रत्येकाची नाडी पूर्ण मिनिट, तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही. मी मोजायची, त्या शेजारी उभ्या. सतराव्या खाटेवरच्या बाईला १०२ ताप निघाला, टाके तिसऱ्या दिवसाचे, ड्रेसिंग उघडलं तर पू. माझ्या चार्टवर त्या बाईचं ९८.४ होतं. सिस्टरांनी तो आकडा खोडला नाही. शेजारी खरा आकडा लिहिला, वेळ टाकली, सही केली आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. माझं नाव मेट्रनपर्यंत पोचलं, त्यांनी स्वतः सांगितलं, झाकलं नाही. पण मेट्रनसमोर माझ्याबरोबर उभ्या पण राहिल्या. मला महिनाभर सलग त्याच वॉर्डात ठेवलं आणि ती बाई बरी होऊन घरी जाईपर्यंत तिचं ड्रेसिंग मीच करायचं.

अजून एक. १० ऑक्टोबरला डॉ. कोटणीसांची जयंती असते, त्या दिवशी ड्युटी नसेल त्या मुलींना घेऊन सिस्टर भैय्या चौकात त्यांच्या घरातल्या स्मारकात जायच्या. सोलापूरचा मुलगा १९३८ ला चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला, हे आम्हाला शाळेपासून पाठ. सिस्टर मात्र दर वेळी त्यांच्या बायकोपाशी थांबायच्या. कुओ चिंगलान. त्या नर्स होत्या, नर्सिंग शिकवायच्या. डॉक्टरांची गोष्ट सगळे सांगतात, ह्यांची तुम्ही सांगायची, असं म्हणायच्या. मी सांगते, माझ्या प्रत्येक बॅचला.

*

दमाणी नगर

नाईटला त्यांच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. नातेवाईकांतलं कुणी उपाशी दिसलं की "ऊटा आयता?" किंवा "जेवलास का बे?" आणि अर्धी भाकरी त्याच्या हातात. मी खाल्लीय. बास एवढंच.

*

आषाढीच्या सेवेतला एक

दहा-बारा वर्षं आम्ही वारीत वाखरीच्या अलीकडं पायांची सेवा लावायचो. सतरंजी, गरम पाण्याच्या बादल्या, मीठ, कापूस, मलमपट्टी. आक्का रिटायर झाल्या त्या वर्षीपासून यायला लागल्या आणि आमची सगळी पद्धत बदलली. आधी आम्ही फोड दिसला की सुईनं फोडायचो, त्यांनी सुया काढूनच घेतल्या, म्हणाल्या वरची कातडी हीच पट्टी आहे, ती काढायची नाही. आणि पाय हातात घ्यायच्या आधी प्रश्न, "माऊली, साखर आहे का?" हो म्हणलं की पाणी किती गरम ते आधी स्वतःच्या कोपरानं बघायचं, कारण त्यांना चटका कळत नाही. मग बोटांच्या बेचक्यात बॅटरी मारून बघायचं.

एक माऊली आले सत्तरीचे, मराठवाड्यातले. टाचेत खिळा गेलेला, दोन दिवस तसेच चाललेले, दुखतच नव्हतं त्यांना. आक्कांनी सांगितलं आता चालायचं नाही, गाडीत बसा, सरकारी दवाखाना गाठा. ते ऐकेनात, वारी मोडते म्हणाले, पंढरपूर हातावर आलंय. आक्का त्यांच्यासमोर मातीत बसल्या, तासभर. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, टाळ-मृदंगाचा आवाज चालू होता. शेवटी ते गाडीत बसले, रडत. आक्कांनी त्यांच्या दिंडीचा नंबर वहीत लिहून घेतला.

पुढच्या वर्षी ती दिंडी आली तेव्हा हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. ते नव्हते. लोकांना विचारलं, कुणी म्हणालं घरीच असतात, कुणी म्हणालं माहीत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही उभ्या. शेवटची आल्या २०१९ ला, तेव्हाही.

*

खालच्या मजल्यावरचा शेजारी

माझं २०२० चं. एप्रिलमध्ये सोलापुरात पेशंट निघायला लागले, आमच्या भागात बांबू ठोकून गल्ल्या बंद. लूम बंद, विडी बंद, घरात माणसं दहा बाय दहात सहा-सहा. आक्का सदुसष्टच्या, स्वतःला बीपी, घरच्यांनी कडी लावून ठेवली होती त्यांना अक्षरशः. तर त्यांनी काय केलं, गॅलरीत खुर्ची टाकली आणि फोन. वही मांडीवर. कुणाला ताप, कितवा दिवस, सगळं तारीखवार. ऑक्सिमीटर एकच होता, पोराकडून मागवलेला. तो कापडी पिशवीत घालून दोरीनं खाली सोडायच्या, खालचा माणूस बोट लावून आकडा ओरडायचा, मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, परत आकडा. ९४ च्या खाली गेला की आक्कांचा आवाज बदलायचा, ऐकून घ्यायच्याच नाहीत, ॲम्ब्युलन्स. पिशवी वर आली की यंत्र पुसायचं, पिशवी धुऊन वाळत घालायची, दुसरी पिशवी. तारेवर नेहमी चार पिशव्या वाळत असायच्या.

माझा बाप त्या दोरीमुळं वाचला. ९५ होता, चालल्यावर ८८. त्याला काहीच होत नव्हतं, पेपर वाचत बसला होता. आणि बरा होऊन आल्यावर तीन महिने रोज संध्याकाळी गॅलरीतून हाक, "काय करालायस? चाललास का आज?" म्हातारा चालायचा मुकाट. घरात कुणाचं ऐकलं नसतं त्यानं.

*

मुलगी

सगळं वाचलं. दोनदा. ताईनं धागा काढला तेव्हा मी म्हणलं होतं मी लिहिणार नाही.

मला आई कमी मिळाली हे खरं आहे. शाळेच्या गॅदरिंगला नाही, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बहुतेक वर्षी नाही, गड्ड्याच्या जत्रेला एकदाच नेलं आणि तिथंही एक बाई चक्कर येऊन पडली, मी बांगडीवाल्यासमोर हातात दोन बांगड्या धरून अर्धा तास उभी. चिडायची मी. लग्न झाल्यावरसुद्धा भांडलेय. ती कधी "मी लोकांसाठी करते" असलं काही म्हणाली नाही, "चुकलं गं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

वरती दिंडीचं वाचलं तेव्हा ती वही काढून बघितली. नंबर आहे. समोर फुली आहे, पोलिओवाली. अशा फुल्या वहीभर आहेत, बऱ्याचशा नंतर पुसून पी केलेल्या, काही तशाच.

ती गेली त्या पहाटेचं सांगते. तिनं आम्हाला दहा वर्षांपूर्वीच शिकवून ठेवलं होतं, जेवताना, आमटी वाढता वाढता, की डोळे द्यायचे, सहा तासांच्या आत, गेल्यावर पापण्या मिटायच्या, पंखा बंद करायचा म्हणजे बुबुळं सुकत नाहीत, डोळ्यांवर ओला कापूस, उशीनं डोकं थोडं उंच. मी ओरडले होते तिच्यावर, जेवताना काय बोलतेस म्हणून. त्या पहाटे सगळे रडत होते आणि मी उठून पंखा बंद केला. भाऊ म्हणाला उकडतंय, लाव. मी लावू दिला नाही. कापूस तिच्याच डब्यातला, ड्रेसिंगचा. दोन माणसं आली, वीस-पंचवीस मिनिटांत झालं, चेहरा होता तसाच.

*

भाची

रडले परत. बाळीवेसच्या ताई, इन्चार्ज सिस्टर, सगळ्यांना धन्यवाद, अजून कुणाचं असेल तर येऊ द्या, कुंभारीचे ते आजोबा कुणाच्या ओळखीचे असतील तर मला कळवा.

आणि एक काम. कट्ट्यावर गेले पाच रविवार कुणी बसलं नाही, लोक येऊन परत जातायत. शेजारच्या दादांच्या बायकोला बीपी बघता येतं, ती तयार आहे, मी वही धरेन. येत्या रविवारी आठ वाजता. मशीनचे सेल बदललेत. फुलीवाल्या नावांची यादी वेगळी काढलीय, पूर्व भागातली सात आहेत, तिथं घरी जाऊन यायला दुपारी कोण येतंय?

*

पूर्व भाग, लूमवाल्याचा मुलगा

मी येतो. गाडी आहे माझ्याकडं. आईपण म्हणाली येते.